बिघडलेल्या स्क्रीनवरची मोठी अक्षरं

भावाने पुण्यात नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना भोरला धाडून दिला. टेम्पोतून तो प्रिंटरसकट गादीत गुंडाळून आला. मॉनिटर जुन्या टीव्हीसारखा पाठीकडे फुगलेला होता. आईने लगेच मापं घेऊन त्याला फुलाफुलांचा अभ्रा शिवला आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या बाबांच्या टेबलावर त्याची स्थापना झाली. या गोष्टीला आता वीसेक वर्षं होतील.

माझं सासर गावातच, दोन आळ्या सोडून. मी पतसंस्थेत नोकरीला होते आणि सुटल्यावर माहेरावरूनच घरी जायचे. मला तेव्हाही यादी केल्याशिवाय काम सुचायचं नाही. कॅलेंडरची संपलेली पानं फाडून त्यांच्या पाठीवर मी कामं लिहायचे आणि झालं की काट मारायचे. माहेरच्या कामांचं पान वेगळं. त्यावर आईच्या गोळ्या, गॅसचा नंबर, नळाचा वॉशर असं काहीबाही असायचं. कॉम्प्युटर आल्यावर त्यात भर पडली, कारण घरात काहीही विजेवर चालणारं अडलं की ते माझ्याकडेच यायचं.

बाबा तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीतली बरीच वर्षं वेल्ह्यात गेली, शेवटची भोरला. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतली माणसं त्यांना ओळखत. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण आमच्या घरात ते अजून वेल्हंच आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी आमच्या ओसरीवर चपला वाढायच्या. कुणाची वारसनोंद अडलेली, कुणाचा बांध कोरलेला, कुणाला नोटीस आलेली. बाबा अर्ज लिहून द्यायचे. कुणी पिशवीतून तांदूळ किंवा घेवड्याच्या शेंगा आणल्या तर हात जोडून परत करायचे. मग तीच पिशवी मागच्या दाराने आईकडे जायची आणि बाबांना जेवताना ती भाजी आवडायची.

कॉम्प्युटरवर लिहायला त्यांना शिकवावं लागलं नाही. कचेरीत मराठी टाइपरायटरवर आयुष्य गेलेलं, आणि भावाने तसाच कीबोर्ड चालणारा फाँट घालून दिला होता. बाबांची बोटं अक्षरं आपोआप शोधायची. समोर बघायचीही गरज नसायची.

आणि त्या वर्षी नेमकं समोर बघणंच अवघड होत चाललं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजतोय, गेलं ते परत येणार नाही, चष्म्याने फरक पडणार नाही. हे डॉक्टरांनी मला सांगितलं. बाबांना काय सांगितलं ते बाबांनी कुणाला कळू दिलं नाही. ते रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसायचे, पण पान उलटल्याचा आवाज येईनासा झाला. अर्जासाठी आलेल्या माणसाला म्हणायचे, "कागद तू वाच मोठ्यांदा. आपल्या कागदात काय आहे ते आपल्याला कळलं पाहिजे." टाइप झालेला अर्जही त्यालाच वाचायला लावायचे. लोकांना वाटायचं, भाऊसाहेबांची शिस्त आहे. अडखळत, अक्षराला अक्षर लावत माणसं वाचायची आणि बाबा डोळे मिटून ऐकायचे. ज्याला वाचताच येत नाही त्याला ते शेजारून कुणाला तरी बोलावून आणायला सांगायचे. जो माणूस न वाचता कागद पुढे सरकवत नव्हता, त्याचं वाचन सुटत होतं, आणि त्याबद्दल बोलायची घरात सोय नव्हती.

अशात ते सॉफ्टवेअर आलं.

भावाची मेल बघायला बाबा फोनची तार जोडून नेट लावायचे. फोन चिरकायचा, मग थांबायचा, मग कधी लागायचं. एका दुपारी मेलच्या जागी एक चौकोन आला. लाल कडा, पिवळा त्रिकोण, खाली इंग्रजीत बरंच काही आणि दोन बटणं. मजकूर त्यांना दिसला नाही. विचारायचं तर दिसत नाही हे कबूल करावं लागणार. पुढे मला त्यांनी सांगितलं, "लाल कडा होती. म्हटलं कारणे दाखवा असेल." कचेरीत त्यांचा एकच नियम होता, आलेल्या नोटिशीला उत्तर गेलंच पाहिजे. मग ती चुकीची असो की चुकून आलेली. त्यांनी डावीकडचं, म्हणजे 'होय'चं बटण दाबलं. पुन्हा चौकोन आला, पुन्हा 'होय'. अशी सगळ्या नोटिशींची रीतसर उत्तरं देऊन झाल्यावर कॉम्प्युटरमध्ये हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पकडणारं म्हणून एक सॉफ्टवेअर येऊन बसलं.

तीन-चार दिवस मला कळलंच नाही. बाबा मात्र खूश होते. संध्याकाळी मला सांगायचे, "आज पुन्हा तपासणी झाली. बरेच सापडले." वरून साहेब येऊन दप्तर तपासून गेल्यावर जसं बोलतात तसं, थोडं दबकून, थोडं कौतुकाने.

मी बघितलं तेव्हा स्क्रीनवर भावाने लावलेला भाच्याचा, म्हणजे त्याच्या मुलाचा, फोटो गेला होता. सगळं काळं, आणि त्यावर लाल अक्षरांत तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे अशा अर्थाचं काहीतरी. फोटो परत लावायला गेले तर जिथून तो बदलायचा तो टॅबच नाहीसा झाला होता. ज्याने रोग दाखवला त्यानेच औषधाचं कपाट कुलूप लावून बंद केलं होतं.

मी कॅलेंडरचं पान घेतलं आणि करायच्या गोष्टी लिहिल्या. सॉफ्टवेअर काढून टाकणे. काढलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तर ते परत हजर. मग नसरापूरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. हा गृहस्थ आधी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, नंतर कॉम्प्युटरकडे वळला. वयाने माझ्याएवढाच. तो म्हणाला, आधी फोनची तार काढा, मग मशीन सुरू होताना वरचं अमुक बटण दाबून धरा, म्हणजे ते फक्त गरजेपुरतं सुरू होईल आणि त्या पाहुण्याला जाग येणार नाही. त्या अवस्थेत त्याला काढा. त्याने सांगितलेलं एकेक लिहून घेतलं, केलं, काट मारली. पाहुणा गेला.

पण जाताना दार मोडून गेला. कॉम्प्युटर सुरू झाला तो भलत्याच रूपात. सगळं प्रचंड मोठं. चार-पाच चित्रांतच स्क्रीन भरलेली, रंग विटके, फोटोतला भाचा हिरवट, आणि खिडक्या एवढ्या मोठ्या की त्यांचा खालचा भाग स्क्रीनच्या बाहेर. पुन्हा यादी. मागची वायर नीट बसवली. मॉनिटरवरची बटणं फिरवून बघितली. सेटिंगमध्ये आकाराची पट्टी होती, ती डाव्या टोकाला चिकटून बसलेली, हलेना. पतसंस्थेतला दुसरा मॉनिटर शिपाईमामांच्या सायकलवरून आणून लावून बघितला, तिथेही तेच. म्हणजे मॉनिटर ठीक, दोष आतला. दुरुस्तीवाला म्हणाला, स्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारा प्रोग्रॅम, उडालाय, मशीनबरोबर आलेली सीडी लागेल. सीडी भावाकडे. भाऊ म्हणाला, शोधतो, स्वारगेटला एसटीच्या ड्रायव्हरकडे देतो. माझ्या पानावर मी लिहिलं, "सीडी – डेपोवरून", आणि ते काम लोंबकळलं.

मला त्या दिवसांत खरी चिंता होती ती एका अर्जाची. वेल्ह्याकडच्या एक बाई त्या सुमारास यायच्या. वयाने आईएवढ्या, काटक, बोलायला फटकळ. माहेर भोरजवळच्या उत्रोलीचं, म्हणून माहेरी आल्या की आमच्याकडे डोकावायच्या. त्यांचा नवरा वारला होता आणि दिरांनी वारसनोंदीत फक्त आपली नावं लावली होती. बाईंनी हरकत घेतली, तर आता म्हणणं मांडा म्हणून नोटीस आली होती आणि मुदत जवळ आली होती. बाबांनी त्यांचं म्हणणं टाइप केलं होतं, पण छापता येईना, कारण छापायचं बटण खिडकीच्या त्या खालच्या, स्क्रीनबाहेर गेलेल्या भागात होतं. हातानेच लिहून द्या, असं मी सुचवलं. पण त्यांचं हस्ताक्षर एव्हाना एका ओळीवरून दुसरीवर चढायला लागलं होतं.

बाजाराच्या दिवशी मी दुपारी जरा लवकर निघाले. ओसरीवर चढताना बाबांचा आवाज ऐकला. वाचतानाचा आवाज. बोलतानाचा आवाज वेगळा असतो, वाचतानाचा वेगळा, आणि बाबांचा वाचतानाचा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. खिडकीतून बघितलं. ते स्क्रीनसमोर थोडे तिरके बसले होते, मान एका बाजूला, म्हणजे डोळ्याच्या कडेने बघता येईल अशी. स्क्रीनवर जेमतेम चार ओळी मावत होत्या, एकेक अक्षर दुकानाच्या पाटीसारखं. ते चार ओळी वाचायचे, खाली जायचं बटण दाबायचे, पुढच्या चार ओळी वाचायचे. एका ठिकाणी थांबले, मागे गेले, एक काना काढला, पुन्हा वाचलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी आत न जाता मागच्या दाराने आईकडे गेले. आई पोहे भिजवत होती. बाबा वाचताहेत, असं मी सांगितलं.

"तुला आज कळलं?" आई म्हणाली. "स्क्रीन बिघडल्यापासून रोज दुपारी वाचतात. जुने अर्ज काढून काढून वाचतात."

"पण डोळ्यांचं ते तुला कधी बोलले?"

"त्यांनी मला सांगितलेलं नाही. आणि मला माहीत आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. चाललंय."

आता अडचण स्पष्ट होती. स्क्रीन अशीच ठेवली तर बाबा वाचू शकत होते, पण बाईंचा कागद निघणार नव्हता. दुरुस्त केली तर कागद निघणार, पण अक्षरं मुंगीएवढी होणार आणि बाबा पुन्हा डोळे मिटून ऐकायला बसणार. दुरुस्तीवाल्याला मी फोनवर विचारलं, दुरुस्त करूनही अक्षरं मोठी ठेवता येतात का? तो म्हणाला, येतात की, त्यात काय. पण मग ती मोठी कुणासाठी ठेवायची, हे घरात कुणीतरी म्हणायला हवं होतं. आम्ही दोघींनी ठरवलं की ते मशीनवर ढकलायचं. मशीन जुनं झालंय, अक्षरं आता एवढीच राहणार, असं दुरुस्तीवाल्याने सांगायचं. त्याला ते फारसं रुचलं नाही. "ताई, सीडी हातात असून होत न्हाई म्हणायचं, तर नसरापुरात माझं काय राहील?" असं म्हणाला, पण तयार झाला.

सीडी डेपोवर आली. ड्रायव्हरने पाकीट दिलं आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी दुरुस्तीवाला वडापच्या, म्हणजे सीटवारी भरणाऱ्या, जीपने आला. त्याच जीपमध्ये वेल्ह्याच्या बाई होत्या. दोघं बोलत बोलतच ओसरीवर चढली. बाईंनी वाटेत त्याच्याकडून सगळी माहिती काढून घेतली होती, हे मला नंतर कळलं.

बाबा उठून बाजूच्या खुर्चीवर बसले. दुरुस्तीवाल्याने सीडी घातली, बरीच बटणं दाबली, मशीन दोनदा बंद-चालू केलं. तेवढ्यात आईने पोहे दिले, बाईंनी बशी हातात घेऊन स्क्रीनकडे बघत खाल्ले. मग एकदम स्क्रीन उजळली. रंग परत आले. भाचा गोरा झाला. सगळी चित्रं आपापल्या जागी, छोटी, नेटकी. मला मनातून आनंद झाला, तो लपवला. दुरुस्तीवाल्याने अर्ज उघडला. पूर्ण पान एका नजरेत दिसत होतं, छापायच्या बटणासकट.

बाबा पुढे वाकले. थोडे तिरके झाले. मग आणखी वाकले. मग मागे टेकून बसले.

दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि ठरल्याप्रमाणे सुरू केलं. त्याने अक्षरं मोठी केली आणि म्हणाला, साहेब, मशीन जुनं हाय, ते लहान अक्षर जास्त वेळ धरणार नाही, तेव्हा आता मोठंच ठेवावं लागंल.

बाबांनी आयुष्यभर लोकांच्या अर्जांतल्या विसंगती काढल्या होत्या. ते शांतपणे म्हणाले, "आत्ता लहान झाली होती. मी पाहिलं. मग मोठी ठेवावी का लागतील?"

दुरुस्तीवाल्याने सीडी पाकिटात घालायला घेतली. मी काहीतरी बोलायला गेले, तर आईने माझ्या हातावर हात ठेवला. बाबा आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले. आम्ही त्यांना कितपत दिसत होतो, देव जाणे.

"मोठीच ठेवा," ते म्हणाले. "पण मशीनसाठी नको. मला दिसत नाही, म्हणून ठेवा."

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं. आई उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो कुणी मागितला नव्हता.

बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "व्हय भाऊसाहेब, आमाला ठावं हाय."

"कधीपासून?"

"तुमी माजा सातबारा उलटा धरला व्हता, तवापासनं. चांगला येळ उलटा धरून मान हालवत व्हता. म्या म्हनलं, मोठ्या मानसाला काय सांगायचं."

आधी दुरुस्तीवाला हसला, मग त्याला वाटलं हसायला नको होतं. पण बाबाच हसत होते. चष्मा काढून, डोळे पुसत हसत होते, आणि आई म्हणत होती, पुरे आता, ठसका लागेल.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" बाबांनी विचारलं.

"तुमी वाचाया लावायचा, त्यात माजंच भलं व्हतं. घरी आता येकबी कागद दीर वाचून दावीत न्हाई, म्या वाचते. उगा कशाला मोडता घालू?"

त्यानंतरचं काम फार मजेत झालं. दुरुस्तीवाला आता मोकळा झाला होता. एखाद्या चपलांच्या दुकानात माप बघावं तसं तो एकेक आकार लावायचा आणि विचारायचा, हे बरं की आधीचं? बाबा म्हणायचे, आधीचं. मग म्हणायचे, नाही, हेच, पण ठळक करता येतं का? येत होतं. पांढऱ्यावर काळं नको, काळ्यावर पांढरं बघू या, असं दुरुस्तीवाल्यानेच सुचवलं. तसं केल्यावर बाबांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. मग त्यांनी त्याला उजवीकडचा जोडाक्षराचा शब्द वाचून दाखवला, आणि त्याच्या खालचा, आणि त्याच्याही खालचा, जणू डोळे तपासायला आलेल्या डॉक्टरचीच परीक्षा घेत होते. छापायचं बटण आता दिसत होतं आणि अक्षरंही मोठी होती. दोन्ही एकत्र होऊ शकतं, फक्त कुणासाठी ते सांगावं लागतं, एवढीच त्यात मेख होती.

अर्ज मात्र त्यांनी लगेच छापू दिला नाही. आधी वाचतो, म्हणाले. जीपची वेळ होत आली होती आणि दुरुस्तीवाल्याला नसरापूरला दुसरं काम होतं, पण तोही थांबला. बाबा मान तिरकी करून बसले आणि त्यांनी वरून सुरुवात केली. चार-पाच ओळी, मग खाली जायचं बटण, मग पुढच्या. बाई समोर गुडघ्याला हाताची मिठी घालून बसल्या होत्या. नवऱ्याच्या निधनाचा उल्लेख आला तिथे बाबांचा आवाज थोडा खाली आला, आणि बाईंनी पदर तोंडाशी धरला. पुढे जिथे बाईंनी स्वतः जमीन कसल्याचं लिहिलं होतं, तिथे त्या म्हणाल्या की नाचणीचं राहिलं, वरच्या वरकशीत, डोंगरउताराच्या रानात, नाचणी म्याच करते. बाबांनी मागे जाऊन नाचणी घातली. मग ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

पुढे चांगली काही वर्षं त्या खोलीत हे असंच चाललं. डोळ्यांचं मधलं आणखी गेलं, तशी अक्षरं आणखी मोठी झाली. शेवटी शेवटी स्क्रीनवर एक-दोन शब्दच मावायचे. एक अर्ज वाचायला सगळी दुपार जायची. ओसरीवरची माणसं थांबायची. कुणाला घाई असली तर बाबाच सांगायचे, मला वेळ लागतो, दिसत नाही, तुम्ही बाजार करून या. ते आता सहज सांगायचे, गुडघे दुखतात म्हणावं तसं. बाईंचं नाव सातबाऱ्यावर लागलं. ते बघायला त्या स्वतः उतारा घेऊन आल्या आणि या वेळी त्यांनीच बाबांना तो वाचून दाखवला, बोट धरून, ओळीमागून ओळ.

मला त्या दुपारचं सगळ्यात जास्त आठवतं ते वाचन संपत आलं तेव्हाचं. जीप गेली होती. आईने आतून हाक मारली की चहा निवतोय. बाबा म्हणाले, "एवढा परिच्छेद होऊ दे," आणि खाली जायचं बटण दाबून पुढच्या ओळी वर येण्याची वाट बघत राहिले.